सेनीच्या घरी काहीच झालं नाही

मुक्काम तुरेकुंडा,
शेंगा काढून झाल्यानंतरचा आठवडा

आदरणीय युसुफाभाऊंना धाकट्या मेहुण्याचा सलाम.

भाऊ, रात्र शांततेत गेली ना? (शांततेत गेली, असं तुम्ही म्हणालात.) घरची मंडळी आहेत ना? (आहेत.) वहिनी आहेत? मुलं आहेत? शिलाई मशीन आहे, आणि तिचा तो सारखा निसटणारा पट्टा? कुठं काही त्रास नाही ना? (त्रास नाही, नुसती शांतता.) आता तुम्ही मला विचारलंत असं धरून सांगतो, की आम्हीही आहोत. शेळ्या आहेत. काळा बोकड लंगडतोय, पण आहे. तुमची बहीण आहे, ती तर फारच आहे. पत्रात दोन्ही बाजूंची विचारपूस एकट्यालाच करावी लागते आणि हात दुखून येतो, पण ती अर्धी टाकून मुद्द्यावर आलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता की सेनीला परदेशी वारं लागलं. वारं लागलं आहेच, पण मला नव्हे. ते सांगायलाच पत्र लिहितो आहे. (टेलिफोन जिल्ह्याच्या गावाला आहे, पण तिथं बोललेलं मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जातं, आणि ती रांग आमच्याच गावाची असते.)

मी उगाच कुणावर संशय घेणारा माणूस नाही, हे तुम्ही जाणताच. तुमच्या बहिणीच्या लग्नात मानाच्या कोला-बियांची टोपली मी दोनदा उघडून पाहिली होती, पण ती सवय. ज्याचा जन्म फेरीबोटीवर तिकिटं तपासण्यात गेला, त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत. बायकांच्या झग्याखाली बसवलेली पोरं मी बाहेर काढली आहेत. भाताच्या पोत्यातल्या कोंबड्या काढल्या आहेत. एकदा तर आजारी आजी म्हणून पांघरुणात गुंडाळलेला मेंढा, ज्याच्यासाठी सगळी बोट दुवा मागत होती, तोही मीच ओळखला. माझ्या नजरेखालून नदीच्या या काठावरून त्या काठाला कुणी फुकट गेलं नाही. एवढं आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे आहे ते वाचून तुम्ही हसणार आहात.

आमच्या लेकीचं, जैनाबाचं, तुम्हाला ठाऊक आहेच. दोन बाळं गेली. पहिलं नाव ठेवायच्या दिवसापर्यंतसुद्धा थांबलं नाही. दुसरं उंबऱ्याला धरून उभं राहायला लागलं होतं. मी त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला जमत नाही. तर पाऊस सुरू झाला तशी जैनाबा नवऱ्याला, केमोला, समुद्रकाठी मासळीच्या धक्क्यावर सोडून इथं आली. कारण काय, तर म्हणे शेंगांच्या खुरपणीला. पण सबंध पावसाळ्यात तिनं खुरप्याला हात लावला नाही. तुमचा एक जुना ढगळ झगा घालून दिवसभर सावलीत बसून राहायची. पाणी भरायला जायची नाही. चिंच खायची आणि भिंतीकडे बघायची. मी आलो की बायका बोलायच्या थांबायच्या. भाऊ, बापाला दुसरं काय वाटणार? लेकीचं घर मोडलं. केमोनं तिला टाकलं, किंवा तिनं केमोला, आणि मला कुणी सांगत नाही. मला घास गोड लागेना. आणि या सगळ्याच्या मागं कोण आहे, हे माझ्या डोळ्यांनी लगेच हेरलं. आमची परदेशी पाहुणी.

तुम्ही ती आली तेव्हा पाहिली होती. गावाच्या आरोग्यासाठी स्वखुशीनं आलेली, लाल नाकाची, मनगटावर घड्याळ बांधलेली. तिचं स्वतःचं नाव आमच्या जिभेला वळेना म्हणून तुमच्या बहिणीनं आपलं नाव तिला दिलं, तेव्हापासून घरात थोरली सिरा आणि धाकटी सिरा. आल्या आल्या धाकटीनं काय केलं? गावप्रमुखाच्या दारात उभी राहिली, सलाम नाही, रात्र कशी गेली नाही, एकदम विचारते, “तुमच्याकडे किती मुलांना जुलाब होतात?” गावप्रमुख पंधरा दिवस कुणाशी बोलला नाही. सकाळची सभा ठरवली तर ही सकाळी जाऊन बसायची. माणसं दुपारच्या नमाजानंतर आली की हिचे डोळे रडून सुजलेले. शेवटी मीच तिला अतायाच्या, आपल्या तीन फेऱ्यांच्या चहाच्या, शेगडीपाशी बसवलं. म्हटलं, “पोरी, पहिला चहा कडू असतो, दुसरा बरा, तिसरा गोड. पहिला पिऊन उठणाऱ्याला चहा कळत नाही आणि गावही कळत नाही. बस.” ती बसली. पाय चाळवत बसली, पण बसली. पुढं पुढं पाय थांबले. मग घड्याळ थांबलं आणि तिनं ते दुरुस्तच केलं नाही. (ते आता काळ्या बोकडाच्या गळ्यात आहे. त्याचा पाय त्या ओझ्यानं लंगडतो असा माझा एक संशय आहे.)

तर तिची मुदत पावसाच्या आधीच संपली होती. तिच्या जागी मी असतो तर पहिल्या गाडीनं आईकडे गेलो असतो. ही गेली नाही. कचेरीला कळवून राहिली. म्हटलं, “कशाला?” म्हणाली, “बाबा, मच्छरदाण्यांची भोकं बघायची आहेत.” भाऊ, मच्छरदाणीचं भोक बघायला पावसाळाभर लागतो का? भोक एकतर असतं किंवा नसतं. पण ही घरोघर जायची, तासन्‌तास बसायची, आणि प्रत्येक घरातून बाहेर पडताना बायका तोंडावर पदर धरून हसत असायच्या. भोकात हसण्यासारखं काय असतं? बरं, आठवड्यातून एकदा गाढवाच्या गाडीत जैनाबाला घालून आरोग्य केंद्रात न्यायची. विचारलं, तर म्हणे हिच्या मच्छरदाणीला मोठं भोक आहे. दर आठवड्याला? मी स्वतः एकदा आत जाऊन ती मच्छरदाणी तपासली. नवी कोरी. तेव्हा माझी खात्री झाली, की धाकटी माझ्या लेकीला केंद्रात नेऊन कुणातरी शिकलेल्या माणसाकडून काडीमोडाचे सल्ले देववते आहे. आणि त्याच सुमारास माझी फेरीबोटीची पँट गेली. खाकी, दोन खिशांची, तुम्हीच शिवलेली. पँटेबरोबर टोपी, शिट्टी आणि तिकिटांची कातडी पिशवीही. लेकीचं घर मोडलं आणि बापाची पँट गेली, या दोन्ही गोष्टींचा संबंध नाही असं ज्याला वाटतं, त्यानं बोटीवर कधी नोकरी केलेली नाही.

मी काय केलं, ते सांगतो. चुलीमागचं कुंपण दुरुस्त करायला काढलं. कुंपण धडधाकट होतं, म्हणून आधी मोडलं आणि मग दुरुस्त करत बसलो, कान आत लावून. तीन दिवस ऐकलं. आतून फक्त तुमच्या बहिणीचा आवाज आला, “त्या कुंपणामागच्या माणसाला कुणीतरी पाणी द्या गं, ऊन लागेल.” तो मार्ग खुंटला. मग मी अतायाचा मार्ग धरला. धाकटीला समोर बसवलं. पहिला चहा केला, मुद्दाम कडू. म्हटलं, “पोरी, माझ्या घरात काय चाललंय?” म्हणाली, “शांतता आहे, बाबा.” दुसरा केला. म्हटलं, “जैनाबा दुःखी आहे का?” म्हणाली, “हळूहळू, बाबा.” हे ‘हळूहळू’ मीच तिला शिकवलेलं आहे, माझ्याच घराचं हत्यार माझ्यावर. तिसरा चहा उकळेपर्यंत ती इतकी निवांत बसून होती की मलाच राहवेना. मीच बोलायला लागलो. आणि भाऊ, माझं दैव बघा, बोलता बोलता मीच तिला सांगून बसलो की केंद्रातल्या नर्सनं मनाई केली असतानाही माझा साखरेचा डबा शेळ्यांच्या खोपटात लपवलेला आहे. दुसऱ्या दिवशी डबा नव्हता. पहिल्या वर्षी ज्या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिनं माझ्यासारख्या तपासनिसाची झडती घेतली होती. घाईची माणसं मी ओळखतो. पण जे परदेशी माणूस घाई करत नाही, त्याच्या मनात नक्की काहीतरी असतं.

आता पुढचं नीट बसून वाचा. मी ठरवलं, की हे प्रकरण उघड करायचं. केमोला निरोप धाडला, गावप्रमुख आणि इमामसाहेबांना आमंत्रणाचा कोला पाठवला, आणि मोठ्या झाडाखालच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. कारण सांगितलं नाही, पण मी सगळ्यांसमोर विचारणार होतो, की माझ्या लेकीचा काय अपराध. बेनाचिन भाताची मोठी पातेली शिजवायला सांगितली. (तुमच्या बहिणीनं हूं की चूं न करता शिजवली. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.) केमो आला, मान खाली घालून बसला. “घरचे आहेत ना?” “आहेत, मामा.” “सगळं बरं?” “सगळं बरं, मामा.” चेहरा मात्र असा, की जसा काही माझा एक बोकड त्यानं झग्यात लपवलाय. जैनाबा बायकांच्या बाजूला बसली. मी घसा साफ करून उभा राहिलो. म्हटलं, “मंडळी, आज मी एक गोष्ट...” आणि तेवढ्यात मागून प्लॅस्टिकचे डबे बडवण्याचा आवाज आला.

कान्येलेंग. तुम्हाला सांगायला नको, पण वहिनींना शहरात राहून विसर पडला असेल. ज्यांची पोटची मुलं राहिली नाहीत, त्या बायका दैवाला फसवण्यासाठी वेड पांघरतात, पुरुषांचे कपडे घालतात, भीक मागून खातात, लाज सोडतात. दैवाला वाटतं, या वेड्यांकडे न्यायला काय असणार. सगळ्यांत पुढं माझी पँट होती. पँटेत तुमची बहीण होती. डोक्यावर माझी टोपी, कोळशाच्या मिशा, गळ्यात शिट्टी आणि काखेला तिकिटांची पिशवी. तिच्या मागं खताचं पोतं घातलेल्या बायका, आणि त्यांत धाकटी, अंगाला मच्छरदाणी गुंडाळून. भोकं भरपूर होती त्या मच्छरदाणीला, ती मी त्या दिवशी प्रथम पाहिली. जिनं आम्हाला जेवणाआधी हात धुवायला शिकवण्यात पहिलं वर्ष घातलं, तिनं धुळीचा हात थेट माझ्या बेनाचिनमध्ये घातला आणि मूठभर भात तोंडात कोंबला.

थोरलीनं शिट्टी वाजवली आणि तिकिटं तपासायला लागली. इमामसाहेबांना म्हणाली, “ए दाढी, तिकीट काढ.” त्यांनी हसू दाबत कोलाचा तुकडा दिला. तिनं तो चावून पाहिला आणि म्हणाली, “अर्ध्याच वाटेचं आहे, पोहून जा.” गावप्रमुखाला त्याच्या काठीचं वेगळं तिकीट पडलं. केमोला म्हणाली, “सामान काय आहे रे? काही नाही? खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होतात, बघा याचे.” मग माझ्यापाशी आली. मला अगदी माझ्यासारखं खालून वर न्याहाळलं, आणि म्हणाली, “तुमचं तिकीट कालचं आहे. उतरा खाली.” सगळी सभा लोटपोट. मी संतापानं लाल झालो होतो, भाऊ, खोटं कशाला सांगू. मग ती बायकांच्या बाजूला वळली. एकेकीला तिकीट मागत जैनाबापाशी पोचली. तिथं थांबली. लेकीच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, “ही जागा रिकामी आहे. इथं कुणी बसलेलं नाही. पुढं चला.” आणि पुढच्या बाईकडे गेली.

कुणी हसलं नाही. त्या क्षणी मला समजलं. तपासनीस माणूस कुणाला विसरत नाही, भाऊ. तो जेव्हा एकाला टाकून पुढं जातो, तेव्हा ते मुद्दाम असतं. मी जैनाबाकडे पाहिलं. तो ढगळ झगा पाहिला. त्या झग्याखाली कोण बसलं आहे, हे मी लिहिणार नाही. कागदाचाही भरवसा नाही, आणि ऐकणारं कुठं ऐकत असेल सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की ज्यानं झग्याखालचा एक प्रवासी कधी सुटू दिला नाही, त्याच्या स्वतःच्या घरात एक जण पावसाळाभर बिनतिकीट चालला होता आणि त्याला पत्ता नव्हता. आणि मला आठवलं, जैनाबाच्या वेळीही असंच झालं होतं. तिच्या आधीची दोघं गेली, तेव्हा तुमची बहीण कान्येलेंगमध्ये गेली होती, आणि तेव्हाही सगळ्या गावाला कळल्यावर मला कळलं होतं. दोष त्यांचा नाही. मला सांगणं म्हणजे बोटीच्या भोंग्याला सांगणं. आनंदानं मी नदीच्या दोन्ही काठांना ओरडून सांगितलं असतं. आताही तोंड उघडलंच होतं. अख्खी सभा माझ्या तोंडाकडे बघत होती, जैनाबा तर दोन्ही हातांनी झगा घट्ट धरून बघत होती. समोरून भातानं भरल्या तोंडानं धाकटी हळूच म्हणाली, “बाबा, तिसरा चहा अजून व्हायचाय.”

मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं आणि म्हणालो, “मंडळी, मी आज तुम्हाला काळ्या बोकडाच्या लंगड्या पायाबद्दल बोलावलं आहे.” गावप्रमुखानं गंभीरपणे मान डोलावली. इमामसाहेब म्हणाले, विषय मोठा आहे. आणि भाऊ, संध्याकाळच्या नमाजापर्यंत माझ्या गावानं त्या बोकडाच्या पायावर चर्चा केली. केमोनं तर आपल्याकडचा एक लेप सुचवला. एकही माणूस हसला नाही. मी एवढा प्रेमाचा खोटारडेपणा बोटीवर कधी पाहिला नाही.

तेव्हापासून मी गप्प आहे. धाकटी दोन वर्षांत शिकली ते मला या वयात काही आठवड्यांत शिकायचं आहे, आणि शिकवणी तिचीच. मी उसळलो की ती शेगडी पेटवते. जैनाबा आली की मी आभाळाकडे बघतो. मला काहीही माहीत नाही. तुम्हीही हे वाचून विसरून जा. वहिनींना, मुलांना आणि मशीनला सलाम.

तुमचा मेहुणा,
सेनी तुरे

ता. क. पत्र अजून इथंच आहे, कारण ते शहराला नेणाऱ्या दौदाच्या गाडीचा आस मोडला आहे. तो म्हणतो उद्या, म्हणजे तुम्ही समजा. मधल्या वेळात माझी पँट. ती परत मागायची नाही, कान्येलेंगला गेलेलं परत येत नाही. दुसरी शिवून पाठवा, कंबर दोन बोटं वाढवा. आणि शिवताना इतरांच्या कापडांची कातरणं उरतील, ती टाकू नका. निरनिराळ्या घरांची, मळकट रंगांची, जेवढी लहान तेवढी बरी. पायपुसणी करायची आहेत. कुणाचे पाय ते विचारू नका.

ता. क. थोरलीनं हे पत्र वाचलं. (मी चटईखाली ठेवलं होतं, तरी.) ती म्हणते, तुम्हाला बकरी ईदपासून ठाऊक आहे, आणि जैनाबाचा तो ढगळ झगा जुना नाही, तुम्ही मुद्दाम मोठा शिवून आणि धुऊन धुऊन जुना करून पाठवला होता. युसुफाभाऊ, तुम्हीसुद्धा? वर मी तुमच्याबद्दल जो जो आदर लिहिला आहे, तो पुन्हा तपासून घेईन.

ता. क. धाकटी आज गेली. कचेरीनं आणखी मुदत दिली नाही, गाडीच दारात आणून उभी केली. एवढं थांबून ती शेवट न बघता गेली. रडली नाही, पहिल्या वर्षी सभेला उशीर झाला की रडायची. जैनाबाच्या पायाशी बसून तिच्याशी काहीतरी बोलली, आणि मग सगळ्यांसमोर डावा हात पुढं करत आली. डाव्या हाताचा अपमान फेडायला माणसाला परत यावं लागतं, हे तिला आम्हीच शिकवलं. सगळ्यांनी डावा दिला. मी दिला नाही. माझा हात बोकडाच्या दोरीत गुंतला आहे, असं सांगून मी उजव्यानं नमाजाची टोपी काढली. मला भीती वाटली, भाऊ. इथं एक जण अजून वाटेत आहे. दैवाचं लक्ष एकाच वेळी दोन मागण्यांकडे कशाला वेधा, असं वाटलं. गाडी वळणाआड गेल्यावर दोरी सोडली, तेव्हा फार वाईट वाटलं.

ता. क. दौदाच्या गाडीचा आस बसला आहे आणि तो भोंगा वाजवतो आहे, म्हणून घाईनं लिहितो. आज दुपारी सेनीच्या घरी काहीच झालं नाही. ते काहीच-नाही मोठमोठ्यानं रडत आहे. मुलगी आहे आणि बिचारीला माझं नाक आलं आहे. जैनाबा भात मागून मागून खाते आहे. थोरली सगळ्यांना सांगते की हे उकिरड्यावर सापडलं, अगदी कुरूप आहे, आणि मग कोपऱ्यात तोंड करून डोळे पुसते. मला काहीही माहीत नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय ते दौदाच्या भोंग्यामुळे.

खरं काम हे आहे. धाकटीचं विमान परवाच्या जुम्म्यानंतर सुटणार. विमानतळ तुमच्या ब्रिकामाजवळच आहे. हे पत्र हातात पडताच शिवण टाकून निघा. तिला गाठलंत की आधी पूर्ण विचारपूस करा, तिची रात्र, तिची आई, तिची सगळी माणसं, काही गाळू नका. मग सांगा, “सेनीच्या घरी काहीच झालं नाही, तिसरा चहा गोड झाला.” तिला कळेल. ती काय म्हणते ते नीट ऐकून घ्या. मग उजवा हात खिशात घाला आणि डावा पुढं करा. तो माझा आहे.